बिऱ्हाड देण्यापूर्वी

जागा रिकामी आहे काय, असे विचारीत जिना चढून आलेल्या माणसाला घरमालकाने, किंवा त्याच्या वतीने भाडेवसुली करणाऱ्या मेहत्याने, विचारावयाचे प्रश्न मुंबईत आणि पुण्यात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. आडनाव कोणते, मूळ गाव कोठले, चाकरी कोणाकडे, कुटुंब बरोबर आहे की एकटेच राहणार, आणि हे सारे विचारून झाल्यावर, काही व्यसन वगैरे नाही ना, हा शेवटचा प्रश्न. पहिल्या चार प्रश्नांतून माणसाचे कुळ, जात, प्रांत आणि ऐपत यांचा अदमास घेतला जाई आणि पाचव्यातून त्याच्या आचरणाचा. निदान प्रश्नकर्त्याची समजूत तशी असे. परंतु तंबाखूचा इतिहास आणि घरभाड्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचले असता मला असे दिसते की आचरणाविषयी विचारलेला हा पाचवा प्रश्नही बहुधा कुळाविषयीचाच, केवळ अधिक सभ्य वेषातला, प्रश्न होता. कोणाला छप्पर मिळाले आणि कोणाला उंबऱ्यावरूनच परत जावे लागले याचा निवाडा ज्या प्रश्नांनी केला, त्यांचा माग काढणे हे इतिहासाचे गौण काम आहे असे मी मानीत नाही.

तंबाखू ही दक्षिणेत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली परद्वीपस्थ वनस्पती. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला असता तेथे त्याने ती प्रथम पाहिली, आणि १६०४ च्या सुमारास परत जाताना शृंगारलेल्या नळीसह ती बादशहास नजर केली. दरबारातील हकिमांनी या अपरिचित पदार्थावर हरकत घेतली, बादशहाने कुतूहलापोटी काही झुरके घेतले, आणि सरदार मंडळींत तिचा शौक तत्काळ पसरला. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई करणारा हुकूम काढला, पण तो कोणी जुमानला असे दिसत नाही. मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आल्यावर कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या जमेच्या बाबींत तंबाखूचा मक्ता ही एक ठळक बाब होती, आणि १८५७ साली तर मुंबई शहरापुरता तंबाखूच्या जकातीचा स्वतंत्र कायदाच करण्यात आला. म्हणजे ज्या शहराच्या चाळींत पुढे विडी ओढणाऱ्याला नाके मुरडून पाहिले गेले, त्या शहराच्या तिजोरीला तंबाखूचे वावडे कधीच नव्हते.

परंतु तंबाखू ही एकच वस्तू असली तरी तिचे सेवन करण्याचे प्रकार अनेक, आणि हा भेद आपल्या विषयाचा गाभा आहे. शास्त्री-पंडित, भिक्षुक आणि जुन्या वळणाचे कारकून तपकीर ओढीत. तिला अग्नी लागत नाही, तिचा धूर होत नाही, ती ओठाला लागत नाही आणि दुसऱ्याच्या उष्ट्याचा प्रश्न उपस्थित होत नाही, म्हणून सोवळ्या घरातही तपकिरीची डबी निर्वेधपणे नांदली. पानतंबाखू ही सर्व जातींच्या बैठकींत चाले, पण तबक कोणी पुढे करावे आणि कोणी त्यातले उचलावे याचे नियम होते. गुडगुडी आणि हुक्का हे सरदार-दरकदारांचे, देशमुख-इनामदारांचे आणि मुसलमान खानदानांचे. चिलीम ही शेतावरच्या गड्याची, गाडीवानाची, गोसावी-बैराग्याची. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, म्हणून ज्याच्याबरोबर पाणी चालते त्याच्याचबरोबर चिलीम चालत असे, आणि जातिबहिष्काराच्या शिक्षेत पाणी व हुक्का यांचे नाव एकदम घेतले जाई ते त्यामुळेच. विडी आली ती शहर, गिरणी, रेल्वे आणि रोजंदारी यांच्याबरोबर. टेंभुर्णीच्या, आणि कोठे कोठे आपट्याच्या, पानात चिमूटभर जर्दा गुंडाळून केलेली ही वस्तू एकेकाला स्वतंत्रपणे ओढता येई, ती दोन पाळ्यांच्या मधल्या थोडक्या अवकाशात संपे, आणि तिला चिलमीप्रमाणे मंडळी जमविण्याची जरुरी नसे. सिन्नर, निपाणी, कामठी, गोंदिया, सोलापूर, अहमदनगर या गावांतील हजारो स्त्रियांच्या बोटांनी वळलेली विडी हे मजुराचे चिन्ह झाले. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पुकारला गेला तेव्हा काही काळ सुशिक्षितांनीही ती जवळ केली. पण १९३० च्या सुमारास विलेपार्ल्याला गोल्डन टोबॅको कंपनीचा आणि हैदराबादेत वझीर सुलतानांचा सिगारेटचा कारखाना चालू झाल्यावर देशी सिगारेट स्वस्त झाली, आणि हापिसातला बाबू व कॉलेजातला विद्यार्थी हे सिगारेटचे, तर खात्यातला कामगार विडीचा, अशी वाटणी कायम झाली. स्त्रियांची मशेरी मात्र या सर्व गणनेच्या बाहेर राहिली. तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करण्याचा प्रघात कोकणातल्या आणि घाटावरच्या कष्टकरी बायकांत सर्रास होता, आणि तिच्या भाजण्याचा तिखट, घशात बसणारा धूर एका खोलीतून साऱ्या मजल्यावर पसरे. शेजारणींच्या भांडणांना त्याचे निमित्त पुरत असे.

आता, ओढणाऱ्याच्या हातात काय आहे एवढे पाहून जर त्याची जात, धंदा आणि ऐपत ओळखता येत असेल, तर, आपण काय ओढता, हा प्रश्न निरुपद्रवी कसा राहील? तपकिरीच्या डबीला व्यसन न म्हणणारा आणि विडीच्या कट्ट्याला मात्र व्यसन म्हणणारा घरमालक तंबाखूची परीक्षा करीत नव्हता, माणसाची करीत होता. या भेदाला शास्त्राचा आधार त्या काळी नव्हता. तपकीरही तंबाखूच, आणि फुप्फुसांविषयीची आजची वैद्यकीय माहिती तेव्हा कोणापाशी नव्हती.

पुण्याच्या वाड्यांतील पद्धत आधी पाहावी, कारण ती अधिक जुनी. पेशवाईत शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसांची नोंद ठेवणे हे कोतवालीचे काम होते, पेठा तर बव्हंशी धंद्यांच्या आणि जातींच्या वस्तीप्रमाणे वसलेल्या, त्यामुळे कोणी कोठे उतरावे याचा निर्णय पुष्कळसा आधीच झालेला असे. पेशवाई बुडाल्यावर आणि सरदार-आश्रितांची ऐपत खालावल्यावर मोठमोठ्या वाड्यांचे मागचे चौक भाड्याने जाऊ लागले, आणि मालक पुढच्या चौकात व बिऱ्हाडकरू मागच्या चौकात असा तो परिचित संसार सुरू झाला. वाड्यात हौद एक, विहीर एक, शौचकूप एक, आणि पुष्कळदा तुळशीवृंदावनही एकच. विस्तव मागायला शेजारणीच्या दारी जायचे आणि पाणी एकाच हौदावर भरायचे, अशा वास्तूत परजातीचे बिऱ्हाड आणणे म्हणजे मालकाने स्वतःच्या स्वयंपाकघराची व्यवस्था बदलणे होते, आणि ते धैर्य फार थोड्यांनी दाखविले. येथे धूम्रपानाचा प्रश्न वयाच्या मर्यादेशी निगडित झालेला दिसतो. वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढू नये हा दंडक, आणि वाड्याचा मालक हा साऱ्या बिऱ्हाडांचा एक प्रकारे वडीलधारा. म्हणून शिकायला आलेला मुलगा वाड्याच्या दिंडीबाहेर पडून कोपऱ्यावरच्या इराण्याकडे किंवा पानपट्टीवर आपला शौक पुरा करी. बिऱ्हाडकरू काय करतो यापेक्षा तो कोठे करतो, मालकाच्या नजरेसमोर की नजरेआड, यालाच तेथे महत्त्व होते.

मुंबईची गोष्ट निराळी, कारण तेथे मालक वाड्यात राहत नव्हता. गिरण्या उभ्या राहिल्या, कापसाच्या तेजीत पैसा आला, आणि जमिनी घेतलेल्या शेठियांनी, दलालांनी, कंत्राटदारांनी चाळी बांधल्या; एका मजल्यावर सज्जाच्या कडेने दहा-पंधरा खोल्या, टोकाला मोरी आणि शौचकूप. १९२५ साली ‘लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या बर्नेट-हर्स्ट यांनी या खोल्यांची जी पाहणी केली ती वाचताना आजही मन विषण्ण होते. गिरणगावातला बहुतेक सारा कामगारवर्ग एकेका खोलीत राहत होता, आणि त्या एका खोलीतही पोटभाडेकरू असत. मालक दूर वाळकेश्वरास किंवा मांडवीवर, मेहता महिन्यातून एकदा पावतीपुस्तक घेऊन येणारा, आणि खालचा भैया रोजच्या देखरेखीला. मग भाडेकरू निवडणार कोण? व्यवहारात ही निवड जॉबर (गिरणीत माणसे भरणारा मुकादम), वाणी, खाणावळवाली आणि आधीच राहणारे गाववाले यांच्या हाती गेली. ज्याला जॉबरने गिरणीत लावले त्यालाच तो खोलीतही लावी. ज्याची उधारी वाण्याच्या वहीत होती त्याची शिफारस वाणी करी. जामीन राहावे लागे ते माणसाला, आणि ज्याला शहरात जामीन नाही त्याला खोली नाही.

यातूनच कोकणच्या गावांच्या खोल्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या मंडळींनी वर्गणीने एक खोली भाड्याने धरायची, गावचा जो कोणी मुंबईस येईल त्याने वळकटी व ट्रंक तेथे ठेवायची, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने निजायचे, आणि गणपतीला, शिमग्याला साऱ्यांनी मिळून गावी जायचे. या संस्थेचे सर्वांत सुव्यवस्थित रूप गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांच्या कुडांत पाहावयास मिळते. धोबी तलावाजवळच्या जेर महालासारख्या इमारतींत आणि डाबुलच्या गल्ल्यांत एकेका गावचे एकेक कूड. तेथे प्रवेशाला लागणारा दाखला एकच, तो म्हणजे त्या गावचा असणे. बोटीवर खलाशी किंवा खानसामा म्हणून जाणारे लोक दोन सफरींच्या दरम्यान तेथे राहत, भिंतीलगत त्यांच्या नावांच्या पेट्या रचलेल्या असत, आणि रोज सायंकाळी गावच्या संताच्या तसबिरीपुढे सर्वांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणे हा नियम होता. परदेशी बंदरांतून फिरून आलेल्या या दर्यावर्दींमध्ये धूम्रपान सामान्य. पण प्रार्थनेच्या वेळी ते कोणी केले तर त्याची दखल कुडाची मंडळी घेत, मालक नव्हे. येथे मला एक गोष्ट आदराने नमूद करावीशी वाटते. कुडाची आणि गावच्या खोलीची निवड जन्मावरूनच होत होती हे खरे, परंतु ती निवड दुबळ्यांनी परस्परांना सावरण्यासाठी केलेली होती, आणि आत आलेल्या माणसाच्या सवयी नियमांनी आवरता येतात, त्यासाठी त्याला दारातून परत पाठवावे लागत नाही, हे तिने शंभर वर्षे सिद्ध करून दाखविले. पुढे हाच न्याय सबळांनी वापरला, त्याचे मोल निराळे करावे लागते.

सबळ म्हणजे अतिश्रीमंत असा अर्थ घेऊ नये. १९१५ साली राव बहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गामदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, ती या देशातील अशा संस्थांच्या अगदी अग्रभागी. कारवारकडून आलेल्या, मध्यम पगारावर कारकुनी करणाऱ्या कुटुंबांना खासगी मालकाच्या भाडेवाढीतून सोडवावे, सभासदानेच भाडेकरू व्हावे आणि भाडेकरूनेच मालक व्हावे, हा तिचा हेतू स्तुत्य होता आणि तो तिने पार पाडला. पारशी धर्मादाय संस्थांनी खुस्रो बाग, रुस्तम बाग यांसारख्या वसाहती आपल्या समाजातील गरजूंसाठी उभ्या केल्या त्याही याच भावनेने. पारशी समाजाचा उल्लेख येथे दुसऱ्या कारणानेही आवश्यक आहे. आतश म्हणजे अग्नी हा त्यांच्या धर्माचा परम पवित्र साक्षी. अग्नीसमोर उभा राहणारा मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित, आपला श्वासही त्याला लागू नये म्हणून तोंडावर पांढरे पदान बांधतो, मग त्याच अग्नीला ओठांशी नेऊन त्याचा धूर गिळणे हे सनातनी पारशाला अधर्म वाटावे यात नवल नाही. तंबाखूचा निषेध तिकडे स्वामिनारायण संप्रदायाच्या शिक्षापत्रीतही आहे, आणि गुजराती सत्संगी घरांत तो कसोशीने पाळला जातो. हे निषेध श्रद्धेचे आहेत, त्यांत ढोंग नाही. अडचण उत्पन्न होते ती श्रद्धेची मर्यादा स्वतःच्या जिभेपुरती न राहता घरभाड्याच्या चिठ्ठीत उतरते तेव्हा, कारण तेव्हा ती दुसऱ्याच्या आचरणाला नव्हे तर दुसऱ्याच्या जन्मालाच अटकाव करू लागते.

या अटकावाची एक हकीकत अशी आहे की ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होऊच शकत नाही. १९१७ साली डॉ. भीमराव आंबेडकर परदेशातील अध्ययन अर्धे टाकून, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे, बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. उतरायला जागा कोठे, हा प्रश्न स्टेशनवरच उभा राहिला. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारली जाणार हे उघड, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेकडे वळले. तेथला व्यवस्थापक पारशीवाचून कोणाला ठेवू शकत नव्हता, पण ती धर्मशाळा ओस पडलेली, त्याला प्राप्तीची अपेक्षा, आणि म्हणून वहीत पारशी नाव लिहून, रोज दीड रुपयाच्या बोलीवर, त्यांना वरच्या मजल्यावरची एक खोली मिळाली. लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतून आलेला हा विद्वान त्या अडगळीच्या दालनात, कंदिलाच्या उजेडात, खोट्या नावाखाली राहिला, आणि अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. संस्थानचा बंगला मागितला तर काम लांबणीवर; मग दोन मित्रांची दारे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्हाला ठेवले तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो असे म्हटले, आणि त्याची पत्नी मूळची ब्राह्मण, जुन्या विचारांची, हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या उत्तराचा अर्थ कळावयास वेळ लागला नाही. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांनी पुढे या आठवणी लिहिल्या त्यांत हा प्रसंग आहे.

त्या उमेदवाराला, आपण विडी ओढता काय, असे कोणी विचारले नाही. त्याची विद्या, नोकरी, मिळकत, स्वच्छता, वर्तन, यांपैकी कशाचीही चौकशी झाली नाही, कारण तिची जरुरीच वाटली नाही. मला या प्रसंगाचे महत्त्व येथे दिसते: जेथे जन्माविषयीचा प्रश्न उघडपणे विचारता येत होता तेथे सवयीचा प्रश्न अनावश्यक होता. सवयीचा प्रश्न पुढे वाढत गेला तो जन्माचा प्रश्न मोठ्याने विचारणे लाजिरवाणे ठरू लागले म्हणून.

आणि याच माणसाला मुंबईत छप्पर कोणी दिले? परळला, पोयबावडीच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांत आंबेडकर कुटुंबाने दोन दशकांहून अधिक काळ काढला, आणि १९३० नंतरच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत त्या चाळीनेच त्यांचे ग्रंथ, त्यांच्या भेटीस येणारी माणसे आणि त्यांचा संसार सामावून घेतला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, शहर हादरले, आणि त्या भयातून १८९८ च्या कायद्याने हा ट्रस्ट जन्माला आला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून रस्ते रुंद करणे हे त्याचे मुख्य काम, ते करताना त्याने बेघर केलेल्यांची संख्या त्याने घरे दिलेल्यांपेक्षा अधिक होती असा आक्षेप त्याच्यावर तेव्हाच घेतला गेला, आणि तो खोटा नव्हता. तरीही ट्रस्टच्या चाळीत खोली मिळण्यास अर्ज, भाडे आणि रिकामा गाळा एवढे पुरत असे. शेजाऱ्याच्या पसंतीची अट नव्हती. एकेका चाळीत एकेका जातीचे लोक एकवटत, पाण्याच्या नळावर भेद पाळला जाई, हे सारे खरे. परंतु कारकुनाच्या वहीत नाव चढण्यास जातीची आडकाठी येत नाही ही गोष्टच त्या काळात अपूर्व होती.

गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी ही याच धोरणाची पुढची पायरी. कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया पट्टी बसवून पैसा उभा केला, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला, आणि प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी, सुमारे साडेसोळा हजार खोल्या बांधून झाल्या. सिमेंटच्या भिंतींच्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत प्रथम कोणी राहावयास जाईना. वरळी गिरण्यांपासून दूर, भाडे जास्त, आणि चुलीचा धूर बाहेर पडण्याची सोय अपुरी. ओळींच्या ओळी रिकाम्या राहिल्या, सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे भाडी उतरली, शहर त्यांच्याभोवती वाढले, आणि त्याच बी. डी. डी. चाळींत घाटावरचे मराठे, कोकणातले कुणबी, महार, पोलीस शिपायांची कुटुंबे आणि गिरणीवाले पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेथला माणूस विडी ओढायला सज्जात किंवा जिन्यावर येत असे, कारण खोलीत म्हातारे आणि पाळण्यातले मूल. त्या जिन्यावरच्या धुरात युनियनच्या सभांची जुळवाजुळव झाली, नाटकांच्या तालमी ठरल्या, आणि नव्याने गावाहून आलेल्या पोराला कोणत्या खात्यात बदली कामगार लागतात हे कळले. तंबाखूने त्यांचे आयुष्य किती कमी केले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि मी त्या व्यसनाचे गोडवे गाऊ इच्छीत नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की या चाळींत माणूस आधी भाडेकरू होता आणि त्याच्या सवयी नंतर विचारात येत. खासगी चाळींत क्रम उलटा होता.

भाडेनियंत्रणाच्या कायद्यांनी या सर्व व्यवहाराचा तोल कसा बदलला ते समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ चा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा झाला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे ठरले. नियमाने भाडे भरणाऱ्याला काढता येईना. त्या कायद्यात बेदखलीची जी थोडी कारणे शिल्लक ठेवली होती त्यांत शेजारपाजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास देणारे वर्तन हे एक होते. पण धुराची, थुंकीच्या पिचकाऱ्यांची, मशेरीच्या वासाची तक्रार न्यायासनापुढे सिद्ध करणे सोपे नव्हते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे फिर्याद चालवावी लागे. म्हणजे भाडेकरू ठेवणे हे मालकाच्या दृष्टीने मुलीला स्थळ पाहण्याइतके अपरिवर्तनीय होऊन बसले, आणि काढण्याचा जो अधिकार गेला त्याची सारी भरपाई निवडण्याच्या अधिकारातून करण्याची धडपड सुरू झाली. उंबऱ्यावरची चौकशी लांबली ती या काळात. गाव, गोत्र, जामीन, मागच्या मालकाची पावती, आणि व्यसन.

मात्र कायद्याने ज्याचा निषेध केला त्या पागडीने एक अनपेक्षित परिणाम घडविला, आणि तोही नमूद केला पाहिजे. अधिक रक्कम घेणे हा गुन्हा ठरला तरी खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख पागडी घेई, मालकाला त्यातला ठरावीक हिस्सा पोचे, आणि पावती नव्या नावावर फिरे. या व्यवहारात पैशाची बोली सर्वांत मोठी, त्यामुळे गिरगाव, काळबादेवी, दादर येथील ज्या चाळी एके काळी एकाच जातीच्या होत्या तेथे हळूहळू दुसरी आडनावे दिसू लागली. गुजराती व्यापाऱ्याने सारस्वताची जागा घेतली, मारवाड्याने कोकणस्थाची. अस्पृश्य गणलेल्या जातींना मात्र या मार्गाने फारसा लाभ झाला असे म्हणवत नाही. पागडीची रक्कम उभी करण्याची ऐपत आणि ती स्वीकारली जाण्याचा विश्वास या दोन्ही गोष्टी त्यांच्यापासून दूरच होत्या.

पुढे १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला, मालक अधिकच बावरले, आणि पुष्कळांनी जागा कुलपात ठेवणे पसंत केले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने पागडीला मान्यता दिली आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारांना मुदत संपताच जागा परत मिळविण्याचे संरक्षण दिले. आज अकरा महिन्यांचा करार होतो. काढण्याचा अधिकार मालकाला पुरेपूर परत मिळाला आहे, आणि तरीही उंबऱ्यावरची चौकशी कमी झालेली नाही. यावरून ती केवळ बेदखलीच्या अडचणीपोटी होत होती हा मालकांचा जुना बचाव अपुरा ठरतो. जाहिरातीत फक्त शाकाहारी कुटुंबास, एकट्या माणसास नाही, धूम्रपान न करणाऱ्यास प्राधान्य, असे छापलेले असते, आणि कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे नकोत हे एजंट दूरध्वनीवर सांगतो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. संघटन-स्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येईलही, पण सबळांच्या वस्त्यांना त्यातून मिळालेला दिलासा मला अस्वस्थ करतो.

धुराविषयी आजची स्थिती मात्र १९२५ सारखी राहिलेली नाही, आणि न्यायाने तेही मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचेही फुप्फुस बिघडते हे आता वैद्यकाने निर्विवाद सांगितले आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. आणि उंच इमारतींत एका घरातला धूर न्हाणीघराच्या नळातून वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या रोग्याच्या खोलीत शिरतो ही तक्रार खरी आहे. अशा शेजाऱ्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. घरात धूम्रपान करणार नाही ही अट करारात लिहावी, ती तपकिरीवाल्यापासून सिगारेटवाल्यापर्यंत, मालकाच्या भाच्यापासून परप्रांतीय नोकरदारापर्यंत सर्वांना सारखी लावावी, आणि मोडल्यास त्या कृत्याबद्दल जाब विचारावा. यात कोणाचाही अपमान नाही. अपमान आहे तो विडी हातात घेण्यापूर्वीच, आडनाव ऐकून, हा ओढणारच, हा खाणारच, असे गृहीत धरण्यात.

या दोन प्रश्नांतला भेद दप्तरातही उतरला आहे. धूम्रपान न करण्याचे कलम मुद्रांकाच्या कागदावर लिहिले जाते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि ते नोंदणी कार्यालयात जमा होते. आडनावाविषयीचे कलम भाड्याच्या करारात सहसा लिहिले गेले नाही. मेहत्यांच्या पावतीपुस्तकांत ते नाही, भाड्याच्या दाव्यांच्या निकालपत्रांत ते क्वचितच डोकावते. जी माणसे दारातून परत गेली त्यांच्यापैकी ज्यांनी लेखणी हाती घेतली त्यांच्या आठवणी, आणि ज्यांना खोली मिळाली त्यांची अर्जांवरील नावे, एवढाच त्याचा पुरावा मागे उरला आहे, आणि परळच्या ट्रस्ट-चाळीतील भाडेकरूंच्या यादीला मी म्हणूनच मोलाचे ऐतिहासिक साधन मानतो.